पयलं खाचर

बसा ताई. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय लंगडा हाये, हितं सतरंजीवर बसा, आन् च्या घ्या आधी, गार झाल्यावर त्याला काय चव ऱ्हात न्हाई. तुमचं ते मोबाइलमधलं मशीन चालू झालं का? झालं? मंग ऐका, पण मधीच मी भलतीकडं गेले तर मला वढून आणा, मला ती खोड हाये, आमची निमा म्हणती आई तू कामशेतला म्हणून निघतीस आन् लोणावळ्याला पोचतीस.

मी मूळची परंदवडीची. आता तितं कंपन्यांची शेडं झाल्यात, पण माझ्या ल्हानपणी रस्त्याच्या दोन्ही अंगांला भातच भात. माझ्या आज्यानं धम्म घेतला तवा म्हणं घरातले देव नदीला नेऊन सोडले, आन् आजी त्याच्या मागं मागं रडत गेली, आन् दुसऱ्या दिवशी तीच पांढरं लुगडं नेसून वंदनेला समद्यांच्या पुढं जाऊन बसली. तशीच हाये मी, आधी रडणार, मंग पुढं बसणार. शाळा झाली थोडीफार, पण खरी शाळा चिखलात. आईनं मला ल्हान आसतानाच लावणीच्या रांगंत उभी केली, म्हणली रोपांची मूठ डाव्या हातात धर, उजव्या हातानं दोन-तीन काड्या घे, दाब, सोड, मागं सरक. भात लावताना माणूस मागं मागं जातं ताई, पुढं लावलेलं दिसतं, मागं काय हाये ते दिसत न्हाई, दगड आसंल, खेकडा आसंल. माझा हात लय चालू. फुशारकी न्हाई मारत, कुणालाबी इचारा. फुशारकी मारतेच थोडी, पण खोटी न्हाई.

लगीन होऊन हितं आले, पवनेच्या बाजूला. आमची ही खालची वस्ती, बौद्धांची, आन् वर डोंगराच्या पोटाला वरची वाडी, ती हिंदू, डोंगरातली जुनी माणसं, तुकडा तुकडा जमीन आन् बाकी मजुरी. आमचे मालक ट्रकवर डायवर. लय मवाळ माणूस. गाडी कुटंबी गेली तरी येताना निमाला बांगड्या आणायचे, पोरीचा हात केवढा आन् बांगड्या केवढ्या, कधी माप बरोबर आलं न्हाई. लोक मला म्हणत्यात सुमन तुला त्याचा राग न्हाई का येत. येतो की. पण मेलेल्या माणसावर कितीक रागवायचं, तो काय ऐकतोय का. आन् खरं सांगू का, मला त्यांची माया व्हती, आजबी हाये.

आता तुमाला आमची सावड सांगते, ती कळल्याबिगर पुढचं कळणार न्हाई. सावड म्हंजी काय, आज समद्या बाया माझ्या खाचरात लावणीला, उद्या समद्या तुमच्या खाचरात, परवा तिसरीच्या, कुणी कुणाला मजुरी द्यायची न्हाई, हाताला हात. ज्याच्या घरची लावणी त्याच्या घरची भाकर. आन् कुणाचं खाचर पयलं लावायचं त्याला आमच्याकडं एक रीत पडली व्हती. त्या साली ज्या घरात कुणी भर जवानीत गेलं आसंल, त्याचं खाचर पयलं. मागायला जायचं न्हाई, इचारायचं न्हाई, उजाडताना रांग आपली आपण त्या खाचरात उतरायची. आन् त्याची परतफेड घ्यायची न्हाई. दुखातल्या बाईनं चूल पेटवायची न्हाई, येणारीनं आपली भाकर बांधून आणायची. लय चांगली रीत हाये ताई, कुणी काढली म्हाईत न्हाई, पण ज्यानं काढली त्याचं मन मोठं आसंल. पयलं खाचर म्हणलं की आमच्यात समजून जायचं, कुणीतरी गेलं.

तर आमचे मालक गेले. आधी जुलाब, मंग ताप, मंग नुसती हाडं. दवाखान्यात काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलंच न्हाई, म्हणायचे टायफाइड बिघडलाय. त्या साली माझं खाचर पयलं लागलं. म्या ओट्यावर बसून बघितलं. पुढल्या साली वरच्या वाडीतल्या दोन घरांत गेलं, मंग आमच्यात एक किलीनर पोरगा, मंग त्याची बायको. लोकांनी नावं कशाकशाची घेतली, कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं धरणाचं पाणी बाधलं. खरं नाव कुणी घेत न्हवतं. घेतलं तरी तोंडावर पदर धरून, तो आजार म्हणायचं, बस. आन् दर लावणीला बांधावर उभं ऱ्हाऊन इचार पडायचा, कुणाचं पयलं? ह्या घरात मयत आधी झाली का त्या घरात? एकदा तर वाद झाला हो बायांत. मरणाचा नंबर लावायला बसलो आमी, आन् कुणालाच त्याचं काय वाटंना, आता इचार केला की अंगावर काटा येतो.

आधी आमची सावड आमच्यात, वरच्या वाडीची त्यांच्यात. कामाला शेजारी शेजारी, पण भाकर आपापल्या फडक्यात. पण माणसं अशी गळायला लागली की दोन्हीकडच्या रांगा तुटल्या, हात पुरंनात, रोप पिवळं पडायला लागलं. मंग एक दिवस वरच्या वाडीची पारूमावशी आमच्या वस्तीत आली. उंच, काळी, कपाळावर गोंदण, तोंडानं फाटकी. रांगंत ती मोहरं, म्हंजी पयल्या टोकाला ती उभी ऱ्हायची आन् तिच्या हाताच्या चालीनं समद्यांनी चालायचं. ती म्हणली, ए पोरींनो, तुमची निम्मी रांग ऱ्हायली आन् आमची निम्मी, दोन निम्म्याची एक करू, न्हाईतर गवत खाऊ. मरणानं एक केलं बगा आमाला. चांगलं झालं म्हणावं का वाईट, काय सांगू तुम्हाला.

माझी जाऊ कमल माझ्या डाव्या हाताला ऱ्हायची रांगंत. तिचाबी नवरा गाडीवरच, तोबी आमच्या मालकांच्या मागं गेला. ती गाणं म्हणायची, आन् गाण्यात सासूला शिव्या घालायची, सासू बांधावर उभी आसायची तरी. आमी हसून हसून चिखलात बसायचो. कमल गेली. औषध तवा निघालं व्हतं म्हणं, पण विकतचं, आपल्यासारख्याच्या ऐपतीचं न्हवतं, डॉक्टर म्हणाले घरी न्या, चांगलं खायला घाला. काय खायला घालणार, घशाखाली पाणी उतरंना तिच्या. कमल अजून एक-दोन सालं टिकली आसती तर आज हितं तुमच्याशेजारी बसून च्याला नावं ठेवत आसती. हे मला लय लागतं ताई. थांबा जरा.

हां. मंग माझी पाळी आली. खोकला जाईना, वजन उतरलं, तपासणी झाली, टीबी निघाला आन् त्याच्याबरोबर तोबी निघाला, एचआयव्ही. शिस्टर म्हणली मुलीलाबी आणा तपासायला. तितनं रिपोर्ट येईपतुर मी कशी जगले ते माझं मला म्हाईत. निमाला काय न्हवतं. ती कोरी निघाली. म्या शिस्टरच्या पाया पडायला वाकले, ती म्हणली अहो मी काय केलंय, उठा. त्या दिवसापसनं माझ्या डोक्यात एकच, मी किती ऱ्हाते? ही पोरगी अजून वेणी स्वताची स्वता घालत न्हाई, हिची वेणी कोण घालंल? बाकी मरणाचं काय न्हाई, पण ही वेणीची गोष्ट माझ्या डोक्यातनं जाईना.

त्या पावसाळ्यात मी ह्याच ओट्यावर पडून. उठून बसायला भिंत लागायची. एक दिवस उजाडताना जाग आली, निमा माझ्या उशाला बसून बाहीर बघत व्हती. म्हणली, आई, आपलं पयलं का? आपल्यात तर कुणी मेलं न्हाई.

म्या मान वळवून बघितलं तर माझ्या खाचरात रांग. पारूमावशी मोहरं, बाकीच्या वाकलेल्या, कुणी गाणं म्हणत न्हाई, कुणी वर बघत न्हाई. बांधावर त्यांच्या त्यांच्या भाकरी बांधलेल्या. लावणीचा पयला दिवस, आन् खाचर माझं. समजलं का ताई तुमाला? त्यांनी हिशेब केला व्हता. मावशीला वाटलं, ही काय आठवडा काढत न्हाई, उद्या-परवा जाईल, मंग घरात दुख, त्यापरीस आधीच लावून टाकू. मायेनंच केलं, वंगाळ मनात न्हवतं कुणाच्या. पण मी जिती व्हते ना. डोळं उघडं व्हतं. माणसाला आपल्या मयताची तयारी दिसली तर कसं वाटंल? म्या वरडायला गेले, अगं भवान्यांनो, मी मेले न्हाई अजून, तर आवाजच फुटंना, नुसता खोकला. आन् पोरगी मला इचारती, आई आपल्यात कोण मेलं?

मी निमाला म्हणलं, कुणी न्हाई. मावशी चुकली. एवढंच म्हणलं. पण त्या दिवशी मला राग आला, आन् तुमी हसू नका, त्या रागानंच मी उठले. म्या ठरवलं, हे खाचर पिकंल तवा कापायला मी उतरणार. परतफेड न्हाई म्हंजी काय? मी काय मढं हाये?

त्याच दिवसांत सरकारनं पुण्याला मोठ्या दवाखान्यात गोळ्या फुकट चालू केल्या व्हत्या. माझ्या भावाला कुणीतरी सांगितलं. तो परंदवडीवरनं जीप घेऊन आला, मला दोघांनी उचलून घातलं. तितं कोण गर्दी! मी म्हणलं दादा, एवढी समदी? मला वाटायचं आपल्याच मावळात हाये हे. रक्तातल्या पेशी मोजत्यात तितं. तवा नियम आसा की पेशी पार खाली गेल्या आसतील तरच गोळी. डॉक्टर कागद बघून म्हणाले तुमाला लगेच चालू करावी लागंल, आधी टीबीची, मंग ही. म्या म्हणलं करा. शिस्टर म्हणली ही गोळी जन्मभर, रोज ठरल्या येळंला, चुकवायची न्हाई. घड्याळ माझ्याकडं कुटलं? आमच्यात सांजच्याला दुधाची गाडी येती, लांबनं हारन वाजवत, तो हारन वाजला की गोळी. गवळी सुटीवर गेला की माझी पंचाईत, मंग भावानं घड्याळ दिलं. पण अजून मला हारन ऐकला की तोंडाला गोळीची चव येती.

पयले दिवस लय वाईट. डोकं गरगरायचं, सपनं आसली पडायची की उठून बसावं. कमल सपनात येऊन शिव्या घालायची, त्या मात्र बऱ्या वाटायच्या. आन् मंग एक दिवस ताई, मला भूक लागली. किती महिन्यांनी! म्या निमाला म्हणलं मला खेकड्याचा रस्सा पायजे. आता भाताला लोंब्या आलेल्या, खेकडं कुटनं आणायचं, पण माझी सासू, जिला कमल गाण्यात शिव्या घालायची, ती म्हातारी वढ्याला जाऊन कुटनं तरी दोन धरून आली. म्या आन् निमानं खाल्ले. तिनं दोन पोरं आन् एक सून घालवली व्हती. नुसती माझ्या ताटाकडं बघत बसली, आन् मी बोट चाटलं तवा रडली. मंग म्या कापणीला उतरले. जास्त न्हाई, एक वाफा. पण उतरले.

पुढल्या लावणीला मी गेले रांगंत. साडीचा काष्टा मारला, कपाळाला फडकं बांधलं, वरच्या वाडीतल्या एका घरी पयलं खाचर व्हतं तितं उजाडता जाऊन उभी ऱ्हायले.  माझी जागा, कमलच्या उजवीकडली, तितं दुसरी उभी. एक म्हणली सुमनताई, तू बांधावर बस, मुठी दे आमाला. दुसरी म्हणली चिखलात पाय कापतो, रगत येतं, पाणी एकच हाये समद्यांचं. मला समजलं. त्यांचंबी काय चुकलं, त्यांना कुणी सांगितलंच न्हवतं. म्या म्हणलं पाण्यातनं होत न्हाई तो, शिस्टरनं सांगितलंय, पाहिजे तर चला इचारा तिला. कुणी हललं न्हाई.

मंग म्या पारूमावशीला म्हणलं, मावशी, गेल्या साली तुमी माझं खाचर लावलं, मला परतफेड करायची हाये. ती म्हणली पयल्या खाचराची परतफेड नसती. म्या म्हणलं ती मेलेल्याची नसती, मी जिती हाये. ती म्हणली, अगं पण आमी घेतली तर त्याचा अर्थ काय व्हईल? की आमी जित्या माणसाला मेलं धरलं. म्या म्हणलं मंग म्हण ना, चुकलो म्हण! आसं म्या वरडले की डोंगरावर घुमलं.  मावशी माझ्याकडं बघत ऱ्हायली. मला वाटलं आता ही शिवी घालणार, आन् म्या मनात उलटी शिवी तयार ठेवली व्हती.

मावशीनं शिवी न्हाई घातली. तिनं आपल्या डाव्या अंगाला सरकून जागा केली, तिच्या शेजारी, मोहरंच्या शेजारी, जितं तिच्या मर्जीबिगर कुणी उभं ऱ्हात न्हाई. म्हणली, ये. मी उतरले. हात चालायला लागला. अर्धं खाचर झालं आसंल, मावशी खालीच बघत, हात न थांबवता, एकदम बारीक आवाजात म्हणली, सुमे, ती गोळी कुटं मिळती?

म्या म्हणलं कुणासाठी मावशी?  तिच्या हातातली मूठ चिखलात पडली. म्या उचलून दिली. तवा म्हणली, बाळूसाठी. बाळू तिचा एकुलता एक, लोणावळ्याला हाटेलात कामाला व्हता, दोन महिने घरात मागल्या खोलीत निजवून ठेवला व्हता, लोकांना सांगितलेलं गावाला गेलाय. आन् मावशी येता-जाता माझ्याकडं बघायची, ही मेलेली उठून बसली, मंग माझा का उठू नये. म्या म्हणलं मावशी, आज दुपारीच निघू. ती म्हणली लावणी? म्या म्हणलं लावणी घाल चुलीत. आमी दोघी तशाच, पोटऱ्यांला चिखल, बाळूला घेऊन निघालो. गाडीत लोकं आमच्या पायांकडं बघत व्हती. मावशी एकाला म्हणली, काय बघतोस रं, चिखल कधी बघितला न्हाईस का, भात खातोस ना?

बाळू उठला. सहा महिने लागले त्याला, पण उठला. आन् मंग ताई, लोक यायला लागले माझ्याकडं. उघड न्हाई, कुणी दळणाच्या निमतानं, कुणी मीठ मागायला. मीठ घेऊन उंबऱ्यात उभं ऱ्हायचं आन् जायचं न्हाई, मंग म्या म्हणायचे, बस बाबा, कुणाला बरं न्हाई? कुणाला नेलं पुण्याला, मंग पुढं तळेगावच्या बाजूलाच गोळ्या मिळायला लागल्या, येळ वाचला, लोकांचा खाडा वाचला. समदेच वाचले आसं न्हाई. नामा म्हणून एक पोरगा व्हता, चांगला धडधाकट, त्याला म्या नेला तर म्हणाले अजून पेशी चांगल्या हायेत, आत्ता गोळी न्हाई, सहा महिन्यांनी या. तो म्हणला मला काय झालंच न्हाई, आन् गाडीवर गेला, तो आला ते स्ट्रेचरवर. त्याचं खाचर पयलं लागलं त्या साली. म्या लावताना लय रडले, मला वाटत व्हतं म्या तितंच बसून ऱ्हायला पायजे व्हतं, गोळी दिल्याबिगर उठतच न्हाई म्हणून. मंग काही वर्सांनी नियमच बदलला. रिपोर्ट आला की लगोलग गोळी, पेशी किती का आसंनात. शिस्टरनं सांगितलं तवा म्या म्हणलं, नामाला हे आधी का न्हाई? 

आणि मंग ते साल आलं. मला तो दिवस आठवतो तसा दुसरा कुठला आठवत न्हाई. आमी समद्या बांधावर जमलो, डोक्यावर पावसाच्या खोळी, हातात मुठी, आन् पारूमावशी म्हणली चला, पयलं कुणाचं? कुणी बोललं न्हाई. ती म्हणली अगं बोला की, कुणाच्यात गेलं? एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागलो. खालच्या वस्तीत? न्हाई. वरच्या वाडीत? एक म्हातारा गेला, पण तो पिकलेला, त्याचं दुख कसलं, पोटभर जगला. जवान कुणी? न्हाईच. मावशी बोटावर एकेक घर घेत गेली, ह्याच्यात न्हाई, त्याच्यात न्हाई, बोटं संपली. परत पयल्यापसनं घेतली. आमाला कळंनाच ताई, कुटं उतरायचं! पाऊस मारतोय, रोप हातात, आन् एवढ्या बाया बांधावर खुळ्यासारख्या उभ्या. एकजण म्हणली, मंग आता कसं? तवा बाळूची बायको, नवी नवरी, मावळतीकडल्या गावातली, आमच्या रिती तिला काय म्हाईत, ती म्हणली, आमच्या माहेरी तर ज्याचा तरवा पयला तयार झाला त्याचं पयलं लावत्यात.

आसं साधं व्हतं हो ते! ज्याचं रोप तयार त्याचं पयलं. जगात समदीकडं आसंच करत आसतील, आमीच इसरलो व्हतो. मावशी आधी हसली, मंग मटकन बांधावर बसली आन् हुंदका दिला, आन् तिला बघून आमी समद्या. तो रडण्याचा आवाज ऐकून वाडीतनं गडी पळत आले, त्यांना वाटलं कुणी गेलं. आमी म्हणलं न्हाई रे, कुणी न्हाई गेलं, म्हणूनच रडतोय. ते म्हणाले बाया येड्या झाल्या. त्या दिवशी म्या कमलचं गाणं म्हणलं, समद्या शिव्यांसकट, आन् आमची सासू बांधावर बसून ऐकत व्हती.

मागं एक सायेब आले व्हते आरोग्याचे, विहारात बोर्ड लावून त्यांनी रेघ काढून दाखवली, मरणाची रेघ आधी अशी वर गेली आन् गोळ्या लोकांपतुर पोचल्या तशी अशी खाली आली. भला माणूस, नीट समजून सांगत व्हता. म्या त्या रेघेकडं बघत बसले आन् मला वाटलं ह्या वरच्या टोकावर कुटंतरी कमल हाये, आन् ह्या उताराला नामा, आन् खाली सपाटीला आल्यावर आमी समद्या मुठी घेऊन उभ्या.  सायेबांना लाडू दिला आन् पाठवलं.

आता निमा तळेगावला कंपनीत हाये, चांगली सुपरवायजर का काय, वेणी न्हाई घालत, केस कापल्यात तिनं! म्या म्हणलं अगं मेले, तुझ्या वेणीपायी मी जगले, आन् तू कापून आलीस? ती म्हणली आई, मंग आता केसांसाठी न्हाई, माझ्यासाठी जग. सुटी आसली की येती लावणीला, तिचा हात माझ्यासारखा न्हाई चालत, पण येती. अर्धी खाचरं बंगलेवाल्यांनी घेतली, तरी रांग अजून हाये. समदं गोड हाये आसं न्हाई, अजूनबी दोघं-तिघं गोळी चोरून खात्यात, डबी पिठात लपवत्यात. एकजण तर बरा झालो म्हणून सोडून बसला व्हता, त्याला म्या रस्त्यात धरून आसा झाडला की आता तो मला बघितलं की खिशातनं डबीच काढून दाखवतो.

पारूमावशी ह्या उन्हाळ्यात गेली. किती वयाची, तिलाच म्हाईत न्हवतं. कसला आजार न्हाई. दुपारी जेवली, ताक प्याली, नातवाला म्हणली जरा पडते, आन् पडली ती पडलीच. त्याच्या आधी थंडीत मी तिच्या ओट्यावर वाल सोलायला गेले व्हते. सोलता सोलता ती एकदम म्हणली, सुमे, त्या साली म्या चुकले. म्या म्हणलं कुठल्या साली? म्हणली, माहितीये तुला. जित्या माणसाचं खाचर पयलं लावलं. लय वर्सं पोटात ठेवलं, म्हणता आलं न्हाई. म्या तिच्या सुपात मूठभर वाल टाकलं आन् म्हणलं, मावशे, आसं चुकणारं माणूस शेजारी पायजे. ती म्हणली, तुझं तोंड लय चालतं. म्या म्हणलं तुझ्याकडनंच शिकले.

पिकल्या माणसाचं खाचर पयलं लावायची रीत न्हाई आमच्यात. पण ह्या लावणीला कुणी काय बोललं न्हाई, उजाडताना समद्या आपापली भाकर बांधून मावशीच्याच खाचरात उतरल्या. बाळू आला, त्याची बायको, त्यांची दोन पोरं, दोघंबी कोरी, निमा आली. मोहरंची जागा मोकळी. मी माझ्या जागी उभी ऱ्हायले तर बाळू म्हणला काकी, तितं न्हाई, पुढं. तवापसनं मोहरं मी हाये. वाकल्यावर मला रांगंत कोण कोण हाये ते दिसत न्हाई, पण हातांचा चुबुक चुबुक आवाज येतो, त्यावरनं कळतं रांग भरलेली हाये.

सांजच्याला लावणी उरकत आली तवा निमानं हळूच इचारलं, आई, आपलं पयलं कधी लागंल गं? मस्करीतच म्हणली, पण तिचं डोळं न्हवतं हसत. म्या म्हणलं लागंल की, लागणारच, पण तुझे केस पांढरे झाल्यावर. आन् तवा तुमी समद्यांनी कमलचं गाणं म्हणत लावायचं, गप राहून लावलं तर मी उठून बसंन, मला सवय हाये. ती हसली. तेवढ्यात लांबनं दुधाच्या गाडीचा हारन आला, निमानं माझ्या पिशवीतनं डबी काढली, गोळी माझ्या तळहातावर ठेवली, चिखलाच्या हातावर, आन् पाण्याची बाटली उघडून धरली.

बास, एवढंच. बंद करा ते मशीन. आन् ताई, तुमी एवढ्या लांबनं आलात, माझं समदं ऐकलंत, तुमाला मी काय देणार, हे थोडं इंद्रायणी न्या, मावशीच्या खाचरातलं हाये, मागल्या सालचं, जुना तांदूळ चांगला लागतो. आन् म्हातारीचा आशीर्वाद घ्या. तुमच्या घरचं खाचर कधी पयलं न लागो. समद्यात शेवटी लागो.